नोराची चाल

तीन आठवड्यांपूर्वी कामावरून घरी आले तेव्हा आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. नोरांच्या मुलाचा निरोप होता, "आई सकाळी गेली. शनिवारी सगळे हार्पवाले जमतायत. तू ये."

अ‍ॅरिझोनात, चँडलरला, नोरा आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. निवृत्त शिक्षिका, आयरिश वंशाच्या. मनात मी त्यांना मावशी म्हणायचे, तोंडावर इथल्या रीतीनं नुसतं नोरा. त्यांची हार्प, म्हणजे उभ्या तारांचं जुनं आयरिश वाद्य, पितळी तारांची, नखांनी वाजवायची. ही पद्धत आयर्लंडमध्ये कधीच बंद पडली होती. जुन्या वह्यांतल्या त्रोटक नोंदींवरून काही मोजके लोक ती पुन्हा उभी करत होते, त्यांत नोरा होत्या. पितळी तार छेडली की वाजतच राहते. कोणती कधी बोटानं थांबवायची, यातच सगळी कला. एक चाल त्यांनी वर्षानुवर्षं खपून बसवली होती. "टेपवर आवाज येतो, बोटं येत नाहीत," म्हणत त्यांनी ती मला समोर बसवून शिकवली. आमच्या घरात पहिली पदवी माझी; पण इतकं हाताला धरून मला कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा डावा हात गेला. दुसरा केव्हाही येईल, असं डॉक्टर म्हणाले. आता ती चाल फक्त माझ्या बोटांत होती… तीही कच्ची. फिनिक्सच्या मेळाव्यात मी ती इतर नऊ वादकांना द्यायची, असं ठरलं.

आदल्याच दिवशी आमच्या चिपच्या कारखान्यात नखानं माझा हातमोजा फाटला. त्या धूळबंद खोलीत हा गुन्हाच. सुपरवायझर म्हणाला, "नखं काप, नाहीतर घरी जा." घरी म्हणजे कुठे, हे व्हिसावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी दहाही नखं कापली.

संध्याकाळी नोरांनी माझे हात पाहिले.

"वाढायला दोन महिने लागतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे तेवढे आहेत का, विचारलंस डॉक्टरला?"

मला रडू फुटलं.

"रडून नखं येत असती तर तुला कांदे चिरायला बसवलं असतं. उद्या आठला गाडी काढ."

मेळाव्यात नऊजण माझ्या खांद्यावरून वाकून बोटं बघत होते. नखांशिवाय तार जेमतेम बोलत होती. शेजारी बसून नोरा एकेक ओळ गुणगुणायच्या, आणि ते आपापल्या हार्पवर उचलायचे. घसा बसला तरी त्या थांबल्या नाहीत. दुपारपर्यंत चाल त्या नऊजणांच्या हातांत गेली.

परतताना गाडीत मी कबूल केलं, "तिसऱ्या ओळीत एक तार थांबवायची राहिली माझी. सगळ्यांनी तशीच उचलली. फोन करून सांगू का त्यांना?"

"ऐकलं मी," नोरा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "राहू दे."

निरोपातल्या त्या शनिवारी नोरांच्या बैठकीच्या खोलीत त्या नऊजणांनी ती चाल वाजवली. त्यांच्याकडून शिकलेले दोघं नवेही होते. तिसऱ्या ओळीत सगळ्यांच्या हातून ती तार मोकळी राहिली, खोलीभर वाजत… थांबवायला माझं बोट उठलं होतं. मी हात मागे घेतला.