ट्रकचं ग्रीस

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. आमच्या अख्ख्या खानदानात चाकांचे बूट घालून पळणारी ही एकटीच, आणि तेही एक्केचाळिसाव्या वर्षी!

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती दिवसभर उभं राहून चादरी इस्त्रीच्या मशीनमध्ये सरकवते. संध्याकाळपर्यंत पायांचे ओंडके होतात. लेक शिकायला लांब गेली तशी घरी येऊन नुसती भिंतीकडे बघत बसायची. एकदा वॉर्डातल्या नर्सने तिला ओढत एका रिकाम्या गोदामात नेलं. तिथे आठ-दहा बायका चाकांवर गोल फिरत एकमेकींना खांद्याने ढकलत होत्या. एकीने निसटून पुढे जायचं, बाकीच्यांनी अडवायचं. रोलर डर्बी म्हणतात त्याला.

पहिल्या दिवशी कोच बाईंनी नुसतं पडायला शिकवलं. "मुठी आवळून पड, नाहीतर बोटांवरून चाक जाईल."

"पडायचा सराव आहे मला," ही म्हणाली, आणि सगळ्या खदाखदा हसल्या. किती महिन्यांनी हिने कुणाला हसवलं होतं! तिथे तिचं नाव पडलं इस्त्री.

पण सामन्यात उतरायचं तर पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या मारायच्या. दोनदा हुकल्या. या खेपेला नाही जमलं तर बूट परत करायचे, असं तिने ठरवूनच टाकलं. अंगच नको म्हणत होतं.

परीक्षेआधी मी बूट गॅरेजवर आणले. तीस वर्षं ट्रकची चाकं उघडतोय, या चिमुकल्या बेरिंगांचं काय! ग्रीस ठासून भरलं.

रविवारी दुपारी तिसऱ्या फेरीलाच तिला पाय जड वाटले. आठवडाभराचा शीण असेल, म्हणून ती रेटत राहिली. शिट्टी वाजली. चोवीस.

नर्सने तिचा बूट उलटा करून चाकाला टिचकी मारली. अर्धी गिरकी घेऊन चाक थांबलं. "अगं, हे ग्रीस कुणी कोंबलं?"

मी बाकावरच होतो. हात खिशात घातले, नखांत अजून ग्रीस होतं.

"मीच," ती म्हणाली.

कोच बाई म्हणाल्या, "चाकं धुऊन उद्या सहाला ये. परत मोजू."

"जाऊ दे बाई, झालं तेवढं पुरे." बूट तिथेच ठेवून ती निघाली. ते मी उचलले. घरी येऊन बेरिंगं रॉकेलमध्ये धुतली आणि पातळ तेलाचा एकेक थेंब सोडला.

सकाळी साडेपाचला तिचं दार वाजवलं.

"दादा, दमलेय रे."

"मीपण. चल."

गोदामात कोच बाई होत्या, आणि नर्स. रात्रपाळी संपवून तशीच आलेली, भिंतीला टेकून पेंगत होती. मी म्हटलं, "ते ग्रीस मी भरलं होतं."

"माहितेय," डोळे न उघडता नर्स म्हणाली. "हिला पाना धरता तरी येतो का?"

बहीण हसली आणि सुटली. चाकं आता नुसती सळसळत होती. नर्स मोजत होती, मीही मोजत होतो, तिच्यापेक्षा मोठ्याने. अठ्ठाविसावी अर्धी झाली तेव्हा शिट्टी वाजली.

मग सातच्या पाळीला धावत गेली बया, गुडघ्यांचे पॅड काढायचेही विसरून.