ठकीबाईचा श्वास

ठकीबाई गेल्यावर कुणी तिच्याविषयी विचारलं, तर दीनानाथला फारसं काही सांगता येत नसे. माहेर उरणकडचं, कोळीवाड्यातलं. पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. एवढंच. नवरा कधी वारला, मुलं किती, त्याने कधी विचारलं नव्हतं. तो विचारणारा माणूसच नव्हता.

ओळख झाली ब्याण्णव साली, डॉक्टरांच्या ओसरीवर. रक्तदाबाच्या लोकांना डॉक्टर गोळ्या द्यायचे आणि शिवाय सकाळी संथ श्वास घ्यायला बसवायचे. कॉलेजातली पोरगी असो की सत्तरीचा म्हातारा, सगळ्यांना तेच. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या दीनानाथला त्याचा गुण आला होता, म्हणून नव्यांना दाखवायचं काम डॉक्टरांनी त्याच्याच गळ्यात घातलं.

ठकीबाईला मोतीबिंदू होता. मासळी कापताना बोटं कापून घ्यायची. प्रेशर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती मन लावून श्वासाला बसायची, तरी प्रेशर उतरेना. एकदा दीनानाथने नीट पाहिलं. ती छाती भरून श्वास घेई आणि गच्च धरून बसे. तोंड लालबुंद.

"अहो, सोडा ना तो!"

"सोडू कशी? खाडीत बुडी मारून अडकलेलं जालं सोडवायचं, तवा बापानं हेच शिकवलं. श्वास सोडलास का गेलीस!"

"इथे खाडी नाही, ठकीबाई. चहावर फुंकर घालता ना, तसा सोडा. सावकाश."

"मंग चहा पाजा ना, मास्तर!"

ओसरी हसली. दीनानाथला आजवर मास्तर कुणी म्हटलं नव्हतं. तो खाली बघत राहिला.

हळूहळू प्रेशर उतरलं. ऑपरेशनला बुधवार मिळाला.

"बुधवारी नाय जमायचं," ती म्हणाली. "बुधवार, शुक्रवार, आईतवार सोडून लोक मासली खातात तरी कवा? सोमवारी बाजारात कुत्रं येत नाय. सोमवारी जाईन."

"डॉक्टर म्हणतात तर जा," दीनानाथ एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणणं त्याच्याने झालं नाही. तारीख पुढच्या सोमवारवर गेली.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, पाटी आवरताना ती कोसळली. मेंदूत रक्तस्राव. गोळीने गरगरतं म्हणून धंद्याच्या दिवशी ती गोळी घ्यायचीच नाही, हे शेजारच्या कोळणीने मागाहून सांगितलं. सकाळी श्वासाला बसते म्हणजे गोळी चुकली तरी चालतं, असं तिने धरलं होतं.

ती गेल्याचं सोमवारी ओसरीवर कळलं. दीनानाथने त्या दिवशी आलेल्या नव्या माणसाला श्वास दाखवला, घरी गेला, जेवला. काही वाटलं नाही. अजूनही नेमकं काय वाटतं ते त्याला सांगता येत नाही.

त्या रविवारी सकाळी तो तिच्याकडे बोंबील घ्यायला गेला होता.

"साफ करून देऊ?"

"नको. घरी करतील."

"बरं. पिशवी खालून धरा, पानी गळतंय."

"हो," दीनानाथ म्हणाला.