त्या दिवशी नंबर माझा होता

आमची पोस्ट पंधरा हजार फुटांवर होती. माणसं अकरा. मी हवालदार साळवे, पोस्टवरच्या जवानांत सगळ्यात सीनियर. दर तिसऱ्या दिवशी चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्त, निघायची. खालच्या पोस्टपर्यंतची वाट तपासायची आणि परत यायचं. कमांडर आळीपाळीने, एकदा मी, एकदा नाईक दत्ता काकडे. दत्ता कन्नड तालुक्यातला, मी पडेगावचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमचं जमायचंही आणि भांडणही व्हायचं.

अशाच एका पेट्रोलच्या आदल्या संध्याकाळी मला ताप भरला. एकशे दोन. नर्सिंग असिस्टंटने सांगितलं, "उस्ताद, उद्या बाहेर जायचं नाही." नंबर माझा होता. मी दत्ताला बोलावलं.

"काकडे, उद्या तू."

"जातो की, उस्ताद. तुमी निवांत पडा."

सकाळी ०६१० ला पेट्रोल निघाली. मी ब्लँकेट गुंडाळून रेडिओ सेटवर बसलो. ०६४० ला ऑल ओके रिपोर्ट आला. ०७०५ ला वरच्या उतारावरून बर्फ सुटल्याचा आवाज झाला.

"पेट्रोल, रेडिओ चेक, ओव्हर."

उत्तर नाही. मी बोलवत राहिलो. ०७११ ला एका शिपायाचा आवाज आला.

"तीन ओके. काकडे दिसत नाय, ओव्हर."

मी तापातच सर्च पार्टीबरोबर गेलो. दत्ता ०९५० ला सापडला. तोवर सगळं संपलं होतं. दोन दिवसांनी मला न्यूमोनियाने हॉस्पिटलात खाली उतरवलं, म्हणून त्याच्या अंत्यविधीलाही मी नव्हतो. खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या आईसमोर उभं राहायची वेळ टळली होती.

पुढे पेन्शन घेऊन घरी आलो. दत्ताच्या आईचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. मी एकदाही उचलला नाही. काय सांगणार होतो? तुमचा मुलगा माझ्या नंबरवर गेला? स्क्रीनवर नाव दिसलं की फोन तिथंच टाकून मी अंगणात जायचो. अशी सहा वर्षं काढली.

घरात मात्र माझी हवालदारी चालू होती. कोण बाहेर, कोण आत, सारखी मोजदाद. मुलगी कॉलेजातून वीस मिनिटं उशिरा आली की गेटवरच तिची झडती. एकदा बायको, मंगल, गुलमंडीत कापड घ्यायला गेली आणि तिचा फोन बंद पडला. मी स्कूटर काढून गेलो आणि दुकानादुकानांतून तिच्या नावाने ओरडत सुटलो. शेवटी ती सापडली, ब्लाउजपीस निवडत. घरी येऊन तिने पिशवी ठेवली. मग म्हणाली,

"गुडघ्याला डॉक्टर चालतो तुमाला. मग ह्याला का नाय चालत? पोरगी लई भिते तुमाला. बापाची वाट बघायची सोडून बापाला चुकवायला लागली ती."

हे वर्मी लागलं. मोडेन पण वाकणार नाही, हा आमचा बाणा. पण घर मोडायला निघालं होतं.

मंगलनेच फरहाना मॅडमचा पत्ता काढला. मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वयाने माझ्याहून लहान. छावणीत कॅन्टीनच्या रांगेत दोस्तांनी विचारलं तर मी सांगायचो, गुडघ्याच्या फिजिओथेरपीला जातो. एक जण तर त्या फिजिओचा नंबरच मागायला लागला.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत सावधान बसलो.

"कसे आहात?"

"ऑल ओके, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. मीच आधी प्रश्न केला, "ही फाइल कुठे जाते?" म्हणाल्या, "कुठेच नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मला दुसऱ्याशी बोलावं लागेल, आणि तेही तुम्हाला सांगून." गोळ्या त्या देत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीन म्हणाल्या.

मग मी त्या सकाळचा रिपोर्ट दिला. वेळा, अंतर, माणसं. अकरा मिनिटांत पूर्ण. तो मला पाठच होता. कमांडिंग ऑफिसर साहेबांपासून कोर्ट ऑफ इन्क्वायरीपर्यंत चार वेळा दिलेला. माझी चूक ती हीच. थेरपी म्हणजे पाचव्यांदा रिपोर्ट द्यायचा, असं मी धरून चाललो होतो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ह्यात तुम्ही कुठे आहात?"

"रेडिओ सेटवर."

"ते कळलं. ०७०५ ते ०७११, ह्या सहा मिनिटांत तुम्हाला काय होत होतं?"

रिपोर्टमध्ये ते कुणी विचारत नाही. मी परत वेळा आणि अंतरंच सांगत राहिलो. तास संपला. बाहेर येऊन मी मंगलला सांगितलं, "नुसत्या गप्पा मारायला बसवतात, काय उपयोग नाय." तरी पुढच्या गुरुवारी गेलो, कारण तिने स्कूटरची किल्ली हातात देऊन दार लावून घेतलं.

चौथ्या की पाचव्या वेळी त्या सहा मिनिटांबद्दल बोललो. रडलो. पन्नाशीच्या माणसाने हुंदके देऊन रडणं काही शोभत नाही, पण मॅडम घाईत नव्हत्या. नंतर त्यांनी एक काम दिलं. कागदावर मधोमध रेघ मारायची. एकीकडे त्या वेळी मला काय माहीत होतं ते लिहायचं, दुसरीकडे नंतर काय कळलं ते. लिहायला मला आठवडा लागला. डावीकडे होतं: ताप एकशे दोन, वैद्यकीय मनाई, आकाश साफ, वाट तीन दिवसांपूर्वी तपासलेली, दत्ता सगळ्यात अनुभवी. 'बर्फ सुटणार' हे उजवीकडे होतं. सहा वर्षं मी उजव्या बाजूची माहिती घेऊन डाव्या बाजूच्या साळवेचं कोर्ट मार्शल करत होतो. मॅडमनी 'तुमची चूक नव्हती' असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझा विश्वासही बसला नसता. दुःख तेवढंच राहिलं. पण ते आता दुःख होतं, आरोप नव्हता. त्या रात्री मला झोप लागली. हळूहळू घरातली मोजदाद कमी झाली. बंद झाली असं म्हणणार नाही.

मार्चमध्ये दत्ताच्या आईंचा फोन आला. मी उचलला. तिकडून म्हणाल्या, "साळवे ना रं? बरा हायस का?" मी म्हणालो, "आई, मी येतो."

रविवारी मंगलला घेऊन दत्ताच्या गावी गेलो. आईंनी चहा ठेवला. मी चहाआधीच बोललो.

"आई, त्या दिवशी नंबर माझा होता. मला ताप होता म्हणून मी दत्ताला पाठवला."

आईंनी गॅस बारीक केला.

"ठावं हाय मला. आदल्या सांजेला फोनवर बोलला की तो. उस्तादला लई ताप हाय, उद्या मी जाणार म्हणला. म्या म्हणलं, त्यांना काढा दे." मग माझ्याकडे वळल्या. "ताप उतरला का, तेवढंच इचारायला फोन करत व्हते बाबा. तू उचलंनाच. मला वाटलं, तू बी गेलास का काय."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खूप वेळ त्यांनी ते उचलू दिलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मंगल चहा गाळायला उठली.

मग आईंनी विचारलं, "तिथं हसायचा का माझा दत्ता?"

सहा वर्षं मला दत्ता फक्त ०९५० चा आठवत होता. आता जिवंतपणीचा आठवला. मी सांगायला लागलो. रॉकेलच्या स्टोव्हवर ठेचा करून सगळ्या बंकरला खोकायला लावायचा. लुडोत सोंगटी गुपचूप दोन घरं पुढे सरकवायचा आणि पकडला तर शपथा घ्यायचा. माझ्या शिव्या खाऊन वर चहा आणून द्यायचा. बोलता बोलता दुपारचे दोन वाजले.

आई पदराने डोळे पुसत हसत होत्या. "घरी बी असाच व्हता लबाड," म्हणाल्या. "अजून सांग."