दुसऱ्यांच्या बांधीतले पऱ्हे

मूल गावच्या एस.टी. स्टँडवर माय थेट बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, आली होती. रोपं लावायचे, रोवणीचे दिवस होते. तिच्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. मी अमेरिकेला भौतिकशास्त्राची पीएच.डी. करायला निघाले होते. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आमच्या टोलीतून, म्हणजे वस्तीतून, नागपूरला जाणाऱ्यालाही लोक तेव्हा निरोप द्यायला येत. बाबा राइस मिलमधून अर्धा दिवस सुट्टी काढून आले होते. टपावर बॅग चढवायचं काम त्यांनी मुद्दामच लांबवलं. माय रडली नाही. म्हणाली, "जाय. पन तिथी काय करून राह्यली ते आमाले समजन असं सांगत जाजो."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल. पहिल्या वर्षी आपण घरी थंडीबद्दल लिहितो, दुसऱ्या वर्षी जेवणाबद्दल, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो त्या कामाबद्दल कधीच लिहीत नाही. मागे राहिलेल्यांनी आमची पत्रं वाचून आम्ही तिकडे नुसता बर्फ उपसतो असं समजलं असेल, तर चूक त्यांची नाही.

माझं काम कागदावरचं. पदार्थाचे सगळ्यांत लहान कण कसे वागत असतील याचा सिद्धांत मी मांडायचा आणि तो खरा की खोटा ते प्रयोग करणाऱ्यांनी ठरवायचं. प्रोटॉन नावाचा कण कायम टिकतो असं लोक धरून चालत. तोही कधीतरी मोडत असावा, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटू लागलं होतं. तो किती काळाने मोडेल, याचं मी माझं गणित मांडलं आणि ते करण्यासाठी एक नवी रीत बसवली. निबंध छापून आला. बाबांनी ते विहारात सांगितलं आणि बातमी तोंडोतोंडी फुगत गेली. मायला शाल-नारळ दिला. कोणीतरी भाषणात म्हणालं, मूलच्या पोरीनं जगाचं कोडं सोडवलं. मायने ती शाल पेटीत जपून ठेवली.

पुढे एका खोल खाणीत पाण्याचा प्रचंड हौद बांधून लोक वाट पाहत बसले. प्रोटॉन मोडला तर त्या अंधाऱ्या पाण्यात उजेडाची तिरीप उमटणार होती. माझ्या गणिताप्रमाणे ती दिसायलाच हवी होती. दिसली नाही. माझा सिद्धांत संपला. आमच्या शास्त्रात यासाठी कोणी रडत नाही. मी मात्र खूप रडले, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती शाल होती.

बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा घरी गेले तेव्हाही रोवणीचेच दिवस होते. वरची बोडी, म्हणजे आमचं लहान तळं, फुटून आमच्या दोन्ही बांध्यांत रेती भरली होती. त्या साली रोवणी होणार नव्हती. पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, मात्र उंचावर टाकलेले असल्यामुळे हिरवेगार उभे होते. माय ते उपटून जुड्या बांधत होती आणि शेजारची पार्वताबाई त्या टोपलीत भरून नेत होती. तिचे पऱ्हे वाहून गेले होते. ही पार्वताबाई आमच्या घरचं पाणी कधी प्यायली नव्हती. पऱ्हे मात्र चालले.

ती गेल्यावर मी मायच्या शेजारी चिखलात बसले आणि एकदाचं सांगून टाकलं, की ज्यासाठी तुला शाल मिळाली ते खोटं निघालं.

माय उपटायची थांबली नाही. "सगडंच गेलं?"

"सगळं नाही. ते गणित करायला मी जी रीत काढली होती, ती लोक वापरतात. जपानमधल्या एका बाईनं तिच्या कामात वापरली, फ्रान्समधल्या एकानं त्याच्या. आणखीही वापरतात."

"त्याईचं जमलं?"

"जमलं."

"मंग रडतं काऊन? बांधी बुडाली तुयी. पऱ्हे कुठी बुडाले? लोकाईनं नेऊन रोवले ना." मग जुडी बांधताना तिने विचारलं, "नेताना काही देतेत का ते?"

"नाव लिहितात. ही रीत हिच्याकडून घेतली म्हणून."

माय हसली. "बरं हाय तिथचं. इथी नेतेत अन् भुलतेत. नाव कोनी नाई घेत."

एस.टी. स्टँडवर दिलेला शब्द त्या दिवशी पुरा झाला, तोही तिनेच मला समजावून सांगितलं म्हणून. विहारात कोणी विचारलं की ती न लाजता सांगायची, "माह्या पोरीच्या बांधीत धान नाई झालं. पन पऱ्हे जगभर गेले." पुढे माझ्या संशोधनाचा प्रभाव काय, यावर विद्वानांनी लिहिलं, बक्षीसही मिळालं. मायच्या वाक्याइतकं नेमकं मला त्यात काही सापडलं नाही.

बाबा गेले, बांध्या विकल्या, मग मायही गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला मी पोचले. परत निघताना पार्वताबाई काठी टेकत आली आणि तिने तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली.

"घेऊन जा बाई. सगुणाचं धान हाय."

सगुणा म्हणजे माझी माय. मी म्हटलं, "मायचं कुठलं धान? आमची बांधी तर केव्हाच विकली."

"त्या साली तिनं पऱ्हे देल्ले होते ना मले? त्याचंच बी धरून ठेवलं मी. मंग माह्याकडून दुसऱ्याईनं नेलं. आता आख्ख्या टोलीत सगुणाचं धानच म्हन्तेत त्याले."

मग तिने आमच्याच माठातलं पाणी मागून घेतलं आणि पायरीवर बसून प्यायली. हे बघायला माय हवी होती, असं वाटून मी तिथेच हमसून हमसून रडले.

मूलमध्ये आज माझ्या नावावर वीतभर जमीन नाही. तरी घर कुठं असं कुणी विचारलं तर मी मूलच सांगते. तिथे दर पावसाळ्यात माझ्या मायचं धान रोवलं जातं, आणि तिचं नाव घेऊन रोवलं जातं.