पार्स्याच्या भाटातलं घर

डिचोलीच्या खाणी बंद पडल्यावर माझा ट्रक दीड वर्ष दारात उभा राहिला. शेवटी तो विकला आणि मी जमिनी दाखवायला लागलो. दिल्लीचे एक गुंतवणूकदार होते. जागा मी शोधायची, सौदा झाला की दोन टक्के माझे.

पार्स्यात काजूचं एक भाट, म्हणजे बागायत, मिळालं. मालक मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले, तिकडेच राहणारे. जागा दिल्लीवाल्यांना आवडली. फक्त मधोमध एक घर होतं. त्यात मुंडकार म्हणून, म्हणजे मालकाच्या जमिनीतल्या घरात राहण्याचा कायदेशीर हक्क असलेली, एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून ते कुटुंब भाट राखत आलेलं.

"घर खाली करून द्या, मग बोलू," दिल्लीवाले फोनवर म्हणाले.

मी गेलो तेव्हा ती अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. तिने चहा-पाव पुढे ठेवला. पेडण्यात फ्लॅट मिळेल, वर पैसे मिळतील, असं मी बराच वेळ सांगत राहिलो.

"आणि तुका किती गावतले?" तिने विचारलं.

मला किती मिळणार, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी खरा आकडा सांगून टाकला.

"बरे आसत. कित्याक होये?"

"मुलीच्या फीसाठी, काकी. नर्सिंगला आहे ती."

"मगे तुका गावाक होये ते. पण फ्लॅटात मी कोंबडी खंय ठेवू?"

ती भांडली असती तर सोपं गेलं असतं. मी चहा संपवून उठलो.

पुढच्या आठवड्यात मी मुरगावला गेलो आणि आधी तिचं घर तिच्या नावावर करा, असं मालकांना सुचवलं.

"तू दिल्लीवाल्यांचा एजंट की तिचा?" ते म्हणाले.

"घराचा निकाल लागला तर बाकीच्या जागेला भांडण उरणार नाही."

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि संमती दिली. घर मधोमध तसंच राहणार हे कळल्यावर दिल्लीवाल्यांनी मात्र माझा फोन घेणं बंद केलं.

मामलेदार कचेरीच्या बऱ्याच खेपा झाल्या. कागद हातात आला त्या दिवशी तिने बाहेरच्या बाकावर मला आपलं नाव वाचून दाखवायला लावलं. दोनदा.

उरलेलं भाट सावंतवाडीच्या एका बागायतदाराने घेतलं, काजूसाठीच. भाव कमी आला, माझं कमिशन निम्म्यावर आलं. मुलीची एका वर्षाची फी भागली. पुढच्या वर्षासाठी मी पुन्हा जागा शोधू लागलो.