मामांनी अडकवलेली लिफ्ट

आमचे मामा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. "सगळा जन्म लोकांना वर पोचवण्यात गेला," असं ते नव्या माणसाला सांगायचे आणि तो दचकला की खूश व्हायचे. मामी शिवणाचे क्लास घ्यायची. मामा निवृत्त झाले तेव्हा लेक-जावयाने दोघांना युरोपातल्या एका जगप्रसिद्ध शहरात पाठवलं. त्या शहराचं चित्र मामीने कॅलेंडरमधून कापून शिलाई मशीनसमोर चिकटवलं होतं, म्हणून.

पहिल्याच सकाळी ते चित्रातल्या मनोऱ्यापाशी पोचले, तर त्याला खालपासून वरपर्यंत परांची बांधलेली.

"एवढ्या लांब येऊन बांधकाम बघायचं?" मामा म्हणाले. "ते काय, आपल्या गल्लीतही चालूच आहे."

"मला तर परांचीसकट आवडला," मामी म्हणाली. नदीला वास येत होता. मामांनी नाकाला रुमाल लावला, मामी म्हणाली, "जुनी नदी आहे, वास असायचाच." तेवढ्यात एका कबुतराने मामांच्या नव्या टोपीवर आपलं मत नोंदवलं. त्यानंतर मामांना त्या शहरातलं काहीच आवडेना.

संध्याकाळी ते हॉटेलवर परतले. तिथली लिफ्ट म्हाताऱ्या पितळी पिंजऱ्यासारखी होती, जाळीच्या दाराची. मामी आत शिरली. मागोमाग तिथेच राहणारी एक आजीबाई शिरली, काखेत इवलंसं कुत्रं घेऊन. जागा संपली. मामा खालीच थांबले. लिफ्ट कुरकुरत वर निघाली आणि मामांनी कान टवकारले. दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी पेटी होती, तिचं झाकण ढिलं होतं. बघण्यापुरतं म्हणून मामांनी खिशातल्या नाण्याने ते उघडलं. नाणं हातातून निसटलं, आत पडलं, एक ठिणगी उडाली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गप्प उभी राहिली.

वरून आवाज आला, "अहो! हात लावलात ना?"

"मी? छे गं! आपोआप बंद पडली!"

"आपल्या तीस फ्लॅटच्या इमारतीत असो की परदेशात, तुमचा हात शिवशिवतोच!"

हॉटेलवाल्याने मेकॅनिकला फोन केला. एक ढेरपोट्या माणूस शीळ घालत आला. त्याने पेटीत डोकावून पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि शांतपणे कॉफी मागवली. मामा आधी संतापले. आत बायको अडकलीय आणि हा घोट घेतोय! मग त्यांच्या लक्षात आलं, आपणही चहा घेतल्याशिवाय कधी पान्याला हात लावला नाही. ते त्याच्या शेजारी पायरीवर बसले. त्याने मामांसाठीही एक कप मागवला होता.

कॉफी झाल्यावर मेकॅनिकने चिमट्याने नाणं बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि दोन्ही बाजूंनी नीट बघून मामांच्या तळहातावर ठेवलं. मामा कानापर्यंत लाल झाले. तो इतका हसला की त्याची ढेरी हलायला लागली. मग त्याने जास्तीचा पाना मामांच्या हातात दिला. दोघे छतावरच्या मोटरच्या खोलीत गेले आणि कोपरापर्यंत काळे होऊन खाली आले.

लिफ्ट उघडली तेव्हा आजीबाईंच्या कोटाचं उसवलेलं अस्तर मामी टाचत होती, आणि कुत्रं तिच्या मांडीवर घोरत होतं.

"कंटाळलीस का गं?" मामांनी चाचरत विचारलं.

"कशाला? बाईंनी सुनेचं सगळं सांगितलं."

"पण तुला त्यांची भाषा कुठे येते?"

"सुनेबद्दल बोलायला भाषा कशाला लागते?"

दुसऱ्या दिवसापासून चित्र उलटं झालं. मामा रोज मेकॅनिकबरोबर जुन्या इमारतींच्या लिफ्ट बघत हिंडू लागले. छतांवरून त्यांना लाल कौलं, पूल, अंगणातले वाळते कपडे दिसत. तीच नदी त्यांना वरून फार देखणी वाटली. मामीला मात्र आजीबाईंनी धरून ठेवलं. कोटानंतर पडदे निघाले, पडद्यांनंतर उशांचे अभ्रे. मामी खिडकीशी टाके घालत बसली आणि मनोऱ्याचं टोक लांबूनच बघत राहिली.

परत आल्यावर आम्ही सगळे घेरून बसलो. "कसं होतं शहर?"

"स्वर्ग!" मामा म्हणाले.

"असेल," मामी म्हणाली. "मी होते शिवणाच्या क्लासला."