तपकिरी भिंतींचं वसतिगृह

वनिताबाई गेल्याचं मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या जुन्या शाळेतल्या स्वयंपाकीण जनाबाईंचा फोन होता. "बाई गेल्या," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या… मला मात्र राग आला, आणि दीड महिना झाला तरी तो गेलेला नाही.

शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत वनिताबाई आणि मी बारा वर्षं होतो. मी मराठी शिकवायचे, वनिताबाई मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या. तिथल्या भिंतींना छातीपर्यंत काळपट तपकिरी ऑइलपेंट होता. मळ दिसू नये म्हणून! वाड्यांवरच्या सहा-सात वर्षांच्या मुली जूनमध्ये यायच्या आणि पहिल्या आठवड्यातच चार-पाच जणी जंगलातून घरी पळायच्या. यांना शिकायचंच नसतं, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हटलंय. वनिताबाईंनी मात्र परत आणलेल्या एकीला शेजारी बसवून विचारलं, का गेलीस? ती म्हणाली, "बाय, आत लय अंधार वाटतं. आमचं घर असं नाय."

पुढच्या मे महिन्यात बाईंनी मुलींच्या आयांना बोलावलं. जुना रंग खरवडण्यातच चार दिवस गेले. मग चुन्यात पिवडीचा पिवळा रंग कालवून त्या बायकांनी, घर सारवावं तशा मायेनं, सगळ्या भिंती रंगवल्या. जूनमध्ये एकच मुलगी पळाली, तीही दुसऱ्या दिवशी आपणहून परतली. जेवताना ताटावरून होणारी भांडणं कमी झाली, मुली खोलीत बसून गाणी म्हणू लागल्या. सगळं रंगानंच झालं असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. पण मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षांनी तपासणीला साहेब आले. त्यांना भिंतींवर हातांचे डाग दिसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आता डाग दिसतात म्हणून आम्ही पुसतो. आधी दिसत नव्हते, म्हणून कोणी पुसत नव्हतं." यावर नोटीस आली. त्यात शब्द होता, विद्रूपीकरण. बाईंनी उत्तर लिहून आमच्या सह्या मागितल्या. मी सही केली नाही. माझी मुरबाडला बदली व्हायची होती… दिवाळीच्या सुट्टीत भिंती पुन्हा तपकिरी झाल्या, आणि बाईंना फायली लावायला कचेरीत पाठवलं. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या.

शाळेतल्या शोकसभेत तेच साहेब बोलले. बाईंना रंगांची आवड होती, म्हणाले. आवड! जणू त्या दारात रांगोळ्या काढत होत्या. मी उठले आणि सह्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, माझ्या नावासकट. साहेब मोबाइल बघत राहिले.

नंतर मी एकटीच वसतिगृहात गेले. कुठल्याही नव्या खोलीत शिरल्यावर वनिताबाई आधी जमिनीवर बसायच्या आणि तिथून खोली बघायच्या. मी तशी बसले. सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून तिथे तपकिरीशिवाय दुसरं काहीच दिसत नाही.